पिशवीची झडप

युसूफ वडगावच्या आसपास पिशवी हा शब्द दोनच कामांना वापरतात. एक बाजाराची पिशवी आणि दुसरी बाईची. बाजाराची असेल तर तसं सांगावं लागतं, भाजीची पिशवी, खताची पिशवी, असं पुढं काहीतरी जोडून. नुसतं पिशवी म्हटलं की ती बाईची, गर्भाची. अमकीची पिशवी काढली, एवढं कानावर आलं की ऐकणारा पुढं काही विचारत नाही, फार तर कोणत्या साली एवढंच. ऊसतोडीला जाणाऱ्या वस्त्यांवर तर हे इतकं अंगवळणी पडलंय, की लग्नाच्या मांडवात बाया एकमेकींना लेकरं किती असं विचारतात आणि त्याच दमात पिशवी हाय का काढली, तेही विचारून घेतात.

अंबाजोगाईला दर गुरुवारी बाहेरून येणाऱ्या हृदयाच्या डॉक्टरला हे ठाऊक नव्हतं. डॉक्टर तरुण होता, हुशार होता, पेशंटला आजी-आजोबा म्हणून समजावून सांगायचा. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण एखादा शब्द कुठं जाऊन रुतेल हे शिकवणारं कॉलेज अजून निघालेलं नाही.

त्या गुरुवारी त्याच्यासमोर स्टुलावर सुभद्राबाई बसली होती. वय बहात्तर. दोन वर्षांपासून चार पावलं चाललं की दम लागायचा आणि गेल्या महिन्यात ती दोनदा चक्कर येऊन पडली होती. बाजूला मुलगा सोमेश्वर उभा होता, त्याच्यामागं सून करिश्मा. डॉक्टरनं एका जुन्या कागदाच्या पाठीवर हृदय काढलं. ते पेरूसारखं दिसत होतं.

"आजी, हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथं दाराला एक झडप असते. तुमची झडप आता कडक झालीय, नीट उघडतच नाही. म्हणून दम लागतो. पूर्वी छाती उघडून ती बदलायचे. तुमची फुप्फुसं बघता ते तुम्हाला सोसणार नाही. पण आता मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालतात, त्यातून नवी झडप वर नेतात आणि जागेवर उघडतात. फाडाफाडी काही नाही. दुसऱ्या दिवशी उठून बसाल."

"बारीक आपरेशन म्हना की," सोमेश्वर म्हणाला.

"हो, तसंच."

सुभद्राबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. बारीक आपरेशन हे दोन शब्द तिच्या चांगल्या ओळखीचे होते. तरी तिनं विचारलं, "नवी झडप कशाची अस्ती? लोखंडाची का?"

"बाहेरची जाळी धातूची. आतल्या पाकळ्या पिशवीच्या. पिशवीचा पातळ पडदा घेऊन त्यापासून हातानं शिवतात."

डॉक्टर इथं थांबला. ती पिशवी बैलाच्या काळजाभोवती असते, हे पुढचं वाक्य त्यानं गिळलं. बैलाचं नाव काढलं की खेड्यातली म्हातारी माणसं बिथरतात, हा त्याचा अनुभव. ते सगळं तो मुलाला बाहेर सांगणार होता आणि त्यानं तसं सांगितलंही. ऑपरेशन केलं नाही तर दोन वर्षं म्हणजे डोक्यावरून पाणी, हेही तिथंच सांगितलं. एका ट्रस्टनं पैशाचा भार उचलला होता. संभाजीनगरच्या मोठ्या हॉस्पिटलात दसऱ्याच्या दोन आठवडे आधीची तारीख मिळाली. सगळं जुळून आलं होतं.

घरी आल्यावर सुभद्राबाई म्हणाली, "मला न्हाई करायचं."

सोमेश्वरला वाटलं, बैलाची काहीतरी कुणकुण लागली असणार. पोळा होऊन पंधरा दिवस झाले नव्हते. घरचे बैल विकून सहा वर्षं झाली, तरी शेजारच्या बैलाचे पाय धुतल्याशिवाय म्हातारी पोळ्याला घास घेत नाही. तिच्या काळजात बैलाचं कातडं जाणार हे पक्कं कळलं तर ती अन्नपाणी सोडेल. त्यानं करिश्माला एकटीला गाठून बजावलं, "मायला त्या बैलाचं बोलू नको. तुला म्हनून सांगितलंय."

"मी कावून बोलू," करिश्मा म्हणाली. ती तशीही कमी बोलायची.

मग त्यानं आईची मनधरणी केली. चिडला, रुसला, एक दिवस जेवला नाही. शेवटी जे खरं होतं ते बोलला, "माय, दसरा झाला की आमी ऊसतोडीला निगनार. तूच न्हाई म्हनल्यावर लेकरं कोनापाशी ठिवू? पोरगी नववीत हाय. तिला बी फडात न्हेऊ का?"

सुभद्राबाई भिंतीकडं बघत बसली. तिला मरायची हौस नव्हती. माणूस बहात्तराव्या वर्षीही सकाळी उठून चहाची वाट बघतोच. पण डॉक्टर म्हणाला होता पिशवी, आणि त्या क्षणापासून तिच्या डोळ्यांपुढून एक स्टीलचा ट्रे हलत नव्हता.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. करिश्मा पंचवीस वर्षांची होती. दोन लेकरं झाली होती. फडावर तिचं पोट दुखायचं, अंगावरून जायचं, महिन्यातले चार दिवस तिला मोळी उचलवत नसे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्यातली बाई बसली की अर्धा कोयता बसतो आणि खाडा, म्हणजे बुडालेल्या दिवसाचा दंड, लागतो तो दोघांना. मुकादम धोंडीराम वस्तीवर आला तेव्हा तो करिश्माशी बोलला नाही, सोमेश्वरशीही नाही. तो सुभद्राबाईपाशी टेकला, पाणी प्याला आणि म्हणाला, "मावशे, दोन लेकरं झाली. आता त्या पिशवीचं काय लोणचं घालायचंय? काढून टाका. समद्या बाया काढायल्यात."

सुभद्राबाई सुनेला घेऊन गेली. गाव कुठलं, दवाखाना कुठला, ते सांगून आता काही उपयोग नाही. तो दवाखाना उठून त्या जागी मोबाइलचं दुकान झालंय. तिथल्या डॉक्टरनं पोटावर यंत्र फिरवलं आणि पिशवीला सूज हाय, पुढं कॅन्सर होईल, असं एका वाक्यात सांगून तो दुसऱ्या बाईकडं वळला. करिश्मा घाबरून सासूकडं बघत राहिली. टेबलावर जायच्या आधी तिनं सासूचा हात धरला होता. सुभद्राबाई म्हणाली होती, "भिऊ नको. बारीक आपरेशन हाय. दोन दिसात हिंडायला लागतीस."

तासाभरानं नर्स बाहेर आली. तिच्या हातात ट्रे होता. "बघा, काढलेली पिशवी. बघून घ्या, नंतर म्हणू नका दाखवली नाही."

सुभद्राबाईनं बघितली. नको तेवढी नीट बघितली. चाळीस वर्षं तिनं व्यायला आलेल्या शेळ्यांची, म्हशींची वितं काढली होती. वार अडकली की कोपरापर्यंत हात घालणारी बाई ती. नासलेलं कसं दिसतं, कसा वास सुटतो, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. ट्रेमध्ये मुठीएवढी, गुलाबी, तुकतुकीत, स्वच्छ पिशवी होती. तिला काहीच झालं नव्हतं.

ती नर्सला काही बोलली नाही. काय बोलणार होती, परत बसवा म्हणून? तिनं मान हलवली आणि नर्स ट्रे घेऊन गेली. शुद्धीवर आल्यावर करिश्मानं, ट्रेमध्ये घालून दाखवतात ती कशी होती, असं विचारलं तेव्हा सुभद्राबाई म्हणाली, "सडून गेल्ती गं पार. बरं झालं काढली. वाचलीस तू."

त्या वाक्यावर करिश्मा अकरा वर्षं जगली. अडीच महिन्यांत ती डोक्यावर मोळ्या वाहू लागली. वर्षभरात तिच्या अंगातून वाफा निघू लागल्या, भर थंडीत घामानं चोळी भिजायची. कंबर गेली, मग गुडघे गेले. छत्तिसाव्या वर्षी ती जिना चढताना भिंत धरते. कुणी कणव केली तर म्हणते, "पिशवी सडली व्हती माजी. आत्यानं टायमाला न्हेलं म्हनून मी हाय तरी." आत्या म्हणजे सासू; तिकडं सासूला आत्याच म्हणतात. हे ऐकलं की सुभद्राबाई काहीतरी निमित्त काढून उठून जायची.

आणि आता हा डॉक्टर सांगत होता की झडपा पिशवीच्या शिवतात.

तिनं मनातल्या मनात सगळं जुळवून बघितलं आणि ते जुळतही गेलं. वस्तीवरच्या निम्म्या बायांच्या पिशव्या गेल्या होत्या. तालुक्यातल्या मोजल्या तर किती झाल्या असतील. त्या सगळ्या कुठं गेल्या? नर्स ट्रे घेऊन आत गेली, ती कुठं गेली? दवाखान्यातली माणसं रिकामी बाटलीसुद्धा फेकत नाहीत. चांगल्या, धडधाकट, तरण्या बायांच्या पिशव्या उगीच काढल्या नसणार. म्हणजे हे असं होतं तर. वेडगळ हिशेब होता, पण ज्यानं तो ट्रे बघितलाय त्याला तो वेडगळ वाटला नसता.

भाद्रपदातल्या एका दुपारी ती घरामागच्या नळावर चूळ भरायला गेली आणि डोळ्यांपुढं अंधारी येऊन खाली बसली. बसली म्हणजे कोसळलीच. करिश्मा घागर नळाखाली तशीच सोडून धावली. काखेत हात घालून उचलताना तिच्याच कंबरेत अशी कळ निघाली, की दोघी नळाच्या ओट्यावर एकमेकींना धरून बसल्या. घागरीत पाण्याची बारीक धार पडत होती.

करिश्मानं पदर ओला करून सासूचं तोंड पुसलं. मग त्याच पदरानं स्वतःचा गळा पुसला, कारण तिच्या अंगात वाफ उठली होती. म्हणाली, "आत्या, येवढा डॉक्टर सांगायलाय. कावून न्हाई म्हनायलात? भ्याव वाटतंय का?"

"भ्याव न्हाई."

"मग?"

सुभद्राबाईला अजून धाप होती. अर्ध्या श्वासात ती बोलली, "करिश्मे, त्या झडपंला पिशवी लावत्यात म्हनं."

"व्हय, लावत्यात."

"कोनाची आसंल गं?"

करिश्माला प्रश्न कळला नाही.

"समद्या बायांच्या काढल्या, त्याच लावत आसतील. दुसऱ्या कुटून आनतील?" सुभद्राबाईचा आवाज फाटला. "तुजीच निगाली म्हंजी? माज्या काळजात तुजी पिशवी शिवून मी कशी जगू? न्हाई गं माय. मी हाय आशीच मरते."

करिश्मा हसायला लागली. कित्येक दिवसांत ती अशी हसली नव्हती. हसता हसता कंबरेला हात लावून म्हणाली, "अवो आत्या! बैलाची अस्ती ती. बैलाच्या काळजाभवती पिशवी अस्ती, तिची शिवत्यात. ह्यांनी मला सांगितलं, अन् तुमाला सांगू नको म्हनले!"

"बैलाची व्हय?"

"बैलाची!"

सुभद्राबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला. बैलाचं पाप-पुण्य काय असेल ते पोळ्याला बघून घेता येईल, बैलाची माफी मागता येते. तीही हसली. दम लागत होता तरी हसली, डोळ्यांतून पाणी काढत हसली. थोड्या वेळानं तिच्या ध्यानात आलं, की आपण एकटीच हसतोय.

करिश्मा घागरीकडं बघत होती. घागर भरून पाणी वाहायला लागलं होतं.

"पर आत्या," ती हळू म्हणाली, "माजी तर सडल्याली व्हती ना?"

सुभद्राबाईनं तोंड उघडलं.

"तुमीच म्हनलात. सडून गेल्ती पार, आसं. मग सडल्याल्या पिशवीची झडप कोन शिवंल? तुमाला कसं वाटलं, माजी लावतील म्हनून?"

अजूनही वेळ गेली नव्हती. म्हातारपणानं डोकं चालत नाही बाई, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. अकरा वर्षं जी बाई खोटं सांभाळत आली तिला आणखी एक वाक्य जड नव्हतं. पण सुभद्राबाईनं सुनेकडं बघितलं आणि मान खाली घातली. करिश्मानं वाट बघितली, बरीच वाट बघितली. मग उठून नळ बंद केला, घागर कंबरेवर न घेता दोन्ही हातांनी उचलली आणि घरात गेली.

ती भांडली नाही, याचं सुभद्राबाईला जास्त भय वाटलं. संध्याकाळी भाकरी वाढली ती नेहमीसारखीच, ऊन, वर तेल-चटणी घालून. फक्त "आत्या, जेवा" असं म्हणाली नाही. ताट सरकवलं. त्या दिवसापासून तिच्या तोंडून आत्या हा शब्दच गेला. काही सांगायचं झालं तर नुसतं सांगायची, कुणाला सांगतेय ते न म्हणता.

दोन दिवसांनी सुभद्राबाई चुलीपाशी जाऊन बसली. "मला आता न्हाईच करायचं आपरेशन. कशाला जगवायलात?"

करिश्मानं पीठ मळणं थांबवलं नाही. "जगावंच लागंल. लेकरापाशी कोन ऱ्हानार? पोरगी माज्यासंगं फडात आनू? अन् तिला बी मंग कोनीतरी दवाखान्यात न्हील."

सुभद्राबाईनं हो म्हटलं. सोमेश्वरला वाटलं, आपल्याच विनवणीला यश आलं.

संभाजीनगरच्या हॉस्पिटलात सगळं घड्याळाप्रमाणं झालं. टेबलावर न्यायच्या आधी नर्स म्हणाली, आजींच्या अंगावरचं सोनंनाणं काढून घ्या. करिश्मानं सासूच्या कानातली फुलं सोडवली, पदराच्या टोकात बांधली, केस मागं घेऊन हिरवी टोपी घातली. तिची बोटं कुठं ओढत नव्हती, कुठं दुखवत नव्हती. सुभद्राबाई तिच्या तोंडाकडं बघत होती. हिनं एकदा म्हणावं, भिऊ नका, बारीक आपरेशन हाय. रागानं म्हटलं तरी चालेल. उलटून म्हटलं, टोमणा मारला तरी चालेल, म्हणजे निदान फिटंफाट झाल्यासारखं वाटेल.

"घाबरू नका आजी, अगदी छोटं आहे," नर्सच म्हणाली आणि खाट ढकलू लागली. करिश्मा दाराशी उभी राहिली.

पूर्ण भूल नव्हती. मांडीत सुई टोचल्याचं कळलं, मग आत काहीतरी सरकत गेल्यासारखं. डॉक्टर पडद्यावर बघत एकमेकांशी इंग्रजीत बोलत होते. मग एकजण वाकून म्हणाला, आता थोडा वेळ जोरात धडधडेल, घाबरू नका. आणि काळीज असं पळत सुटलं की आता ते अंगात राहणार नाही, असं तिला वाटलं. डोळ्यांपुढचे दिवे विझत आले. त्या अर्ध्या मिनिटात तिला देव आठवला नाही, मेलेला नवरा आठवला नाही. ट्रे आठवला. आता इथंच संपलं तर बरं होईल, असं तिच्या मनात आलं. मग दिवे परत लागले. डॉक्टर हसत होते.

दुसऱ्या दिवशी ती खरंच उठून बसली. गालावर रंग आला होता. सोमेश्वर खुशीत होता. खालून चहा आणला, समोरच्या खाटेवरच्या अनोळखी माणसालाही पाजला. मोठे डॉक्टर फेरीवर आले, त्यांनी छातीवर नळी लावून ऐकलं आणि म्हणाले, "सुंदर बसलीय झडप. काही विचारायचं आहे का कुणाला?"

"विचारायचंय," करिश्मा म्हणाली. ती खिडकीपाशी उभी होती. सोमेश्वरनं चमकून बघितलं. बायको कधी डॉक्टरशी बोलत नसे.

"काढल्याली कुटं हाय?"

"काय काढलेली?"

"जुनी झडप. घरच्या मानसाला दाखवत्यात ना, ट्रेमधी घालून? आमाला कोनी दाखवली न्हाई."

डॉक्टर समजुतीनं हसले. "नाही ताई, यात काही काढावं लागत नाही. जुनी झडप तिथंच राहते, कडेला दाबून. नवी तिच्या आत उघडते."

"म्हंजी ह्यांचं काहीच काढलं न्हाई?"

"काहीच नाही," डॉक्टर अभिमानानं म्हणाले. "आजींचं जे होतं ते सगळं जिथल्या तिथं आहे. तीच तर याची गंमत आहे."

करिश्मानं मान हलवली. वर पंखा गरगरत होता, तरी तिच्या कपाळावर, गळ्यावर घाम दाटून आला. तिनं तो पदरानं पुसला आणि त्याच पदराची गाठ सोडून कानातली फुलं सासूच्या उशाशी ठेवली. नवऱ्याला म्हणाली, "गाडीचं बगा. घरी बांधाबांध करायचीय. ट्रक यील." मग कपड्यांच्या पिशव्या उचलून ती जिन्याकडं गेली. कठडा धरून, एकेक पायरी थांबून उतरताना तिच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

सुभद्राबाईनं तो शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला. तिचा श्वास दोन वर्षांत पहिल्यांदा थेट पोटापर्यंत जात होता. तो कुठंतरी अडावा, अशी तिनं वाट बघितली. तो अडला नाही.